रांगण्याआधीचा निळा डाग

कोकणातल्या कुठल्याही अंगणवाडीत जा आणि बसलेल्या पोरांचे पाय बघा. गुडघे सोललेले, नडग्यांवर दोन-चार काळेनिळे डाग, एखाद्याच्या कपाळावर उतरत आलेलं टेंगूळ. जांभ्याच्या पायऱ्या, पाखाड्या, गडगे, पावसाळ्यात शेवाळलेलं खळं, एवढं सगळं भोवती असताना डाग नसतील तरच नवल. त्यामुळे "पडलो आसतलो खंयतरी" हे उत्तर आपल्याकडे कायम तोंडावर असतं. चालत्या-पळत्या पोराच्या नडगीबाबत ते बहुतेक वेळा खरंही असतं. पंचाईत होते ती हेच उत्तर दोन महिन्यांच्या बाळालाही दिलं जातं तेव्हा.

मुलाला मुका मार लागायचा तर आधी ते मूल हलायला हवं. सिॲटल परिसरात नियमित तपासणीला आलेल्या तीन वर्षांखालच्या ९७३ मुलांची अंगं डॉक्टरांनी नीट पाहिली आणि १९९९ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. चालणाऱ्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांच्या अंगावर कुठे ना कुठे डाग होता. धरून धरून पावलं टाकणाऱ्यांत १७.८ टक्के. तेवढंही न करणाऱ्या बाळांत मात्र २.२ टक्के, आणि सहा महिन्यांखाली ०.६ टक्के. चालणाऱ्यांचे डागही नडगी, गुडघा, कपाळ अशा पुढच्या, हाडावरच्या जागी होते.

म्हणून आमचं म्हणणं असं : रांगायला न लागलेल्या बाळाच्या अंगावर एकही काळानिळा डाग दिसला, तर त्याच दिवशी त्याला बालरोगतज्ज्ञाला दाखवायचं. डाग मोहरीएवढा असला तरी, बाळ हसत-खेळत असलं तरी, आणि घरच्यांकडे त्याचं कारण असलं तरी. जुलाब लागले की मीठ-साखर-पाणी, हे जसं वाडीवाडीतल्या आजीलाही आज सांगावं लागत नाही, तसा हा नियम पाठ व्हायला हवा. आज तो गावातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत असायलाच हवा त्यांनाही तो कुणी ठासून सांगितलेला नाही.

कारणं कायम तीच ऐकायला मिळतात. खुळखुळा स्वतःच तोंडावर मारून घेतला. पाळण्याचा दांडा लागला. झोळीची दोरी काचली. थोरल्याने चिमटा काढला. यातलं एखादं खरंही असेल. दोन-तीन वर्षांची भावंडं तान्ह्याला चिमटे काढतात, चावतात. पण ते खरं आहे की नाही हे ओटीवर बसून ठरत नाही. कारण या वयात डागामागे दोनच मोठ्या गोष्टी असू शकतात. एक तर रक्त गोठण्यात बिघाड आहे, नाहीतर बाळाला कुणाकडून तरी जोर लागला आहे. दोन्हींत पुढचा रक्तस्राव मेंदूत होऊ शकतो.

पहिल्या शक्यतेचं सर्वांत टाळता येण्यासारखं कारण म्हणजे व्हिटॅमिन केची कमतरता. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात बनतात, त्यांना हे जीवनसत्त्व लागतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याचा साठा जवळजवळ नसतो आणि आईच्या दुधात ते अगदी थोडं असतं. यावर दूध बंद करणं हा उपाय नव्हे. जन्मल्याबरोबर मांडीत १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन हा उपाय (१ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम). ते राहून गेलं, तर दुसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत केव्हाही रक्तस्राव होऊ शकतो, आणि अशा निम्म्याच्या आसपास बाळांत तो डोक्यात होतो. त्याआधी काही दिवस बारीकशी खूण दिसते : बेंबीतून पुन्हा ओलसर रक्त, नाकाशी लाल थेंब, छातीवर नखाएवढा निळा डाग. ही खूण ओळखली तर बाळ वाचतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर "व्हिट. के दिलं" अशी नोंद आहे का, हे घरी येण्याआधीच बघून घ्यावं. वाटेत गाडीत किंवा घरी झालेल्या बाळंतपणात हेच इंजेक्शन सर्वांत आधी विसरलं जातं. आई फिट्सच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना ते आठवणीने सांगायचं.

दुसरं कारण हिमोफिलिया, म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक जन्मतःच कमी असण्याचा आजार. हिमोफिलिया ए साधारण ५००० मुलग्यांमागे एकाला असतो आणि सुमारे एक तृतीयांश घरांत आधी कुणालाच तो नसतो, त्यामुळे "आमच्यात असलं काही नाही" म्हणून तो बाद होत नाही. तरीही विचारायचं ते आईच्या माहेरचं : मामाला, मावसभावाला दात काढल्यावर किंवा सुंतेनंतर रक्त थांबलं नव्हतं का? दीड महिन्याच्या लशीनंतर मांडीला सुपारीएवढी गाठ येणं नेहमीचं. मांडी अर्धी काळीनिळी होऊन टणक होणं नेहमीचं नाही. रांगायला लागल्यावर गुडघा किंवा घोटा सुजून गरम होणं ही त्याची पुढची पायरी.

आता दुसरी शक्यता, जिच्याबद्दल आपण बोलत नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गंभीर मारहाण सिद्ध झालेल्या २०० तान्ह्या बाळांचे जुने कागद तपासले गेले. त्यातल्या २७.५ टक्के बाळांना आधी एखादी "किरकोळ" जखम झालेली होती आणि अशा जखमांत ८० टक्के निळे डाग होते. ज्या १०१ बाळांना मारहाण झाली नव्हती, त्यांच्यात अशी आधीची जखम एकालाही नव्हती. बऱ्याच जखमा त्या वेळी डॉक्टरांनीही पाहिल्या होत्या. पाहिल्या आणि सोडून दिल्या. रडं थांबत नाही म्हणून रात्री तीनला दंडाला धरून गदागदा हलवणारं माणूस एरवी त्याच बाळावर जीव टाकणारं असू शकतं; बाळंतपणानंतर खचलेली आई, मुंबईहून आठवड्याने आलेला आणि झोप न झालेला बाप, कुणीही. राक्षस शोधत बसलात तर हा माणूस कधीच दिसणार नाही.

म्हणून अशा बाळाला पाहणाऱ्या डॉक्टरांकडूनही काही अपेक्षा आहेत. लंगोटासह सगळे कपडे काढून पुढून-मागून पाहणं, कानामागे आणि मानेच्या वळीत पाहणं, टाळू फुगली आहे का हे पाहणं, आणि वरचा ओठ उचलून हिरडीला जोडणारा बारीक पडदा पाहणं. हा पडदा फाटलेला असेल तर चमचा किंवा बोंडलं जोराने तोंडात कोंबलं गेलेलं असू शकतं. गुटी पाजताना घाई झाली असेल, राग आला असेल. नुसतं मलम लिहून देणं म्हणजे काम अर्धं टाकणं. कारण सापडत नसेल तर दोन वर्षांखालच्या मुलाच्या सगळ्या हाडांचे एक्स-रे आणि गरजेनुसार डोक्याचा स्कॅन हेही त्यात आलं, आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवावं लागलं तर पाठवायला हवं.

या सगळ्यात एक माणूस आपल्याकडे आयतं आहे आणि त्याचा उपयोग आपण करून घेत नाही : बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई. बाळाचं सगळं अंग रोज उजेडात उघडं पाहणारी तीच. तिचं चोळणं कितीही रगडून असलं तरी त्याने सहसा डाग पडत नाहीत. पडत असतील तर हात हलका करायला सांगण्याआधी रक्त तपासायला हवं. आशाताई जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ताप-वजन-बेंबी पाहते. त्याच वेळी तिने न्हाऊ घालणारीला दोन वाक्यं सांगावीत : नवा निळा डाग दिसला तर मला कळव; आणि त्यावर काही लावण्याआधी कळव. दुसरं वाक्य महत्त्वाचं, कारण मुक्या मारावर आंबेहळद नाहीतर रक्तचंदन उगाळून लावायची आपली पद्धत. लेप वाळला की डागाचा रंग, कडा, आकार काहीच कळत नाही आणि डॉक्टरासमोर पिवळी पाठ येते.

प्रत्येक निळं काही डाग नसतं, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं, नाहीतर नाहक कुणाचं तरी घर पोळेल. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर, कधी खांद्यावर जन्मतःच राखाडी-निळा पट्टा असतो. तो दुखत नाही, रंग बदलत नाही, आठवड्याने तसाच असतो, वर्षांनुवर्षं फिका होत जातो. खरा डाग आठवड्याभरात बदलतो, हाच फरक. हा पट्टा जन्माच्या वेळी माता-बाल कार्डावर लिहून ठेवायची एक ओळ पुढे बराच मनस्ताप वाचवते. करदोटा किंवा मनगटी घट्ट झाली की कमरेभोवती, मनगटाभोवती गडद रेघ उमटते. फेब्रुवारी-मार्चात ओले काजू सोलणाऱ्या घरात टरफलातल्या तेलाने पोरांची बोटं आणि ओठांच्या कडा काळ्या पडून सोलतात. आंब्याचा चीक गालावर ओघळला तर तिथे ओघळाच्याच आकाराचा भाजल्यासारखा डाग राहतो. लिंबाचा रस लागलेल्या हाताने उन्हात खेळलेल्या पोराला चार दिवसांनी तपकिरी ठसे उठतात, तेही बोटांच्या आकाराचे. हंगाम कोणता आणि घरात काम काय चाललंय, हे विचारलं की यातलं बहुतेक उलगडतं.

चालणाऱ्या मुलाकडे वळलं की प्रश्न बदलतो. इथे "डाग आहे का" यापेक्षा "कुठे आहे" हे विचारायचं. पडणारं मूल हात पुढे टाकतं. मार लागतो तो कपाळ, हनुवटी, कोपर, गुडघा, नडगी यांना. कान, मान, गालाचा मऊ भाग, पोट, पाठ, नितंब, दंडाची आतली बाजू हे भाग पडताना आपोआप झाकले जातात. मेरी क्लाइड पिअर्स या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरूनच एक चाळणी बांधली, टेन-फोर-फेसेस-पी नावाची. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर डाग; जबड्याच्या कोनावर, गालाच्या मांसल भागावर, पापणीवर डाग; डोळ्याच्या पांढऱ्यात साकळलेलं रक्त; ओठाचा किंवा जिभेचा फाटलेला पडदा; कुठेही वस्तूच्या आकाराचा ठसा; आणि पाच महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठेही डाग. यातलं एक जरी असलं तरी पुढची तपासणी. २०२१ मध्ये पाच रुग्णालयांतल्या २१६१ मुलांवर ही चाळणी पडताळली, तेव्हा मारहाण झालेल्यांपैकी ९५ टक्के मुलं तिच्यात अडकली आणि अपघाताने लागलेल्यांपैकी ८७ टक्के सुटली. म्हणजे शंभर निष्पाप अपघातांतले तेरा या चाळणीत अडकतात. हे तेरा विसरायचे नाहीत. चाळणीत अडकणं म्हणजे तपासणीची वेळ झाली, एवढंच. त्यावरून कुणाला गुन्हेगार म्हणता येत नाही.

ठशांचं थोडं बारकाईने. चिंचेचा फोक किंवा छडी जोरात बसली की मधे फिकी पट्टी आणि दोन्ही कडांना समांतर लाल-निळ्या रेघा उमटतात, कारण मारलेल्या जागचं रक्त दाबाने दोन्ही बाजूंना सरकतं. दुमडलेली वायर किंवा दोरी इंग्रजी यू अक्षरासारखा फास उमटवते. थापडेत बोटांच्या मधल्या फटींच्या रेघा दिसतात. दंडावर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार लंबगोल ठिपके असले तर ती पकड. आणि कान. कान पिळणं आपल्याकडे शिक्षेत मोजलंच जात नाही, शाळेतही नाही, घरी तर नाहीच. पण कानाच्या वरच्या कडेला आतून-बाहेरून बारीक लाल-जांभळे ठिपके पडण्याइतका पिळलेला कान हा गुरुजींचा लाड नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २०१० पासूनच शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली आहे. गावकीने ती मनातून बंद केलेली नाही, आणि आमच्या मते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पोषण आहाराइतकीच ही गोष्टही बोलली गेली पाहिजे.

डागाचा रंग पाहून "हा मंगळवारचा, हा रविवारचा" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यावर विश्वास ठेवू नये. लाल, निळा, हिरवा, पिवळा हा क्रम प्रत्येक मुलात आणि प्रत्येक जागी वेगळा चालतो. पिवळेपणा दिसायला निदान अठरा तास लागतात, एवढंच काय ते धरता येतं. आणि आपल्या सावळ्या कातडीवर तो पिवळेपणा पुष्कळदा दिसतच नाही. रंगावरून तारीख काढून कुणाला घरी-दारी दोषी ठरवणं हा अन्याय आहे आणि कुणाला सोडून देणंही.

पोटावरचा डाग मात्र वेगळा काढून सांगायला हवा. उतारावर मोठ्यांची सायकल हाणणारी पोरं ब्रेक दाबताना पुढे आपटतात आणि हॅण्डलचं टोक पोटात घुसतं. वर दिसतो तो रुपयाच्या नाण्याएवढा गोल ठसा. पोर उठून खेळायलाही लागतं. पण आत स्वादुपिंड, यकृत किंवा लहान आतडं पाठीच्या कण्यावर चेपलं गेलेलं असू शकतं आणि उलट्या, पोटदुखी, ताप दुसऱ्या दिवशी सुरू होतात. गोल ठसा पोटावर दिसला की तेव्हाच सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात. डोक्याचंही तसंच : दोन वर्षांखालचं मूल तीन फुटांहून उंच जोत्यावरून पडलं असेल, किंवा कपाळ सोडून डोक्याच्या बाजूला मऊ, पिचपिचीत टेंगूळ आलं असेल, तर घरी थांबायचं नाही.

साध्या मुक्या मारावर काय करावं, याला फार शब्द लागत नाहीत. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, पहिल्या दिवशी तीन-चार वेळा. चोळायचं नाही.

आता आजाराच्या खुणा. डाग मार न लागता येत असतील, सुपारीहून मोठे असतील, हाताला गाठीसारखे लागत असतील. नाकातून रक्त दहा मिनिटं नाकपुड्या दाबूनही थांबत नसेल. हिरड्यांतून रक्त येत असेल. तर रक्त तपासायचंच. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले तर काचेच्या पारदर्शक पेल्याची कड त्यावर दाबा. पुरळ असेल तर दाबाखाली फिकं होतं, कातडीखाली सांडलेलं रक्त असेल तर तसंच राहतं. सावळ्या अंगावर हे तळहात, तळपाय, तोंडातला टाळा आणि खालच्या पापणीच्या आत बघावं. खूप उलट्या किंवा डांग्या खोकल्यासारखी उबळ येऊन गेलेल्या मुलाच्या फक्त चेहऱ्यावर असे ठिपके येतात, ते सहसा निरुपद्रवी. ताप आणि झपाट्याने पसरणारे जांभळे डाग एकत्र असतील तर मात्र १०८ ला फोन, सकाळची वाट न बघता.

दोन ते पाच वर्षांचं मूल, आठ-पंधरा दिवसांपूर्वी सर्दी-ताप येऊन गेलेला, आता ठणठणीत, आणि अचानक अंगभर निळे डाग व ठिपके : बहुतेकदा शरीरानेच स्वतःच्या प्लेटलेट नष्ट केल्याचा प्रकार, आयटीपी. दिसायला भयंकर, पण दहांतली आठेक मुलं सहा महिने-वर्षभरात बरी होतात. तोवर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि कमरेतली इंजेक्शनं टाळायची, झाडावर चढणं बंद. मूल फिकट पडलंय, रात्री पाय दुखतात म्हणून उठतंय, लंगडतंय, मानेत गाठी आहेत, वजन उतरतंय, असं सोबत असेल तर रक्ताच्या कर्करोगाची शक्यता धरून त्याच आठवड्यात पुढे जायचं. पायांवर आणि नितंबांवर हाताला लागणारे जांभळे उंचवटे, सोबत सांधे आणि पोट दुखणं आणि प्लेटलेट मात्र ठीक, हा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा प्रकार. त्यात डाग गेल्यावरही पाच-सहा महिने अधूनमधून लघवी तपासत राहावी लागते, कारण खरा धोका मूत्रपिंडाला असतो. हे शेवटचं नेहमी राहून जातं.

कोकणात यावर आणखी काही गोष्टींची भर पडते. पावसाळ्यात आणि नंतर डेंग्यू, भातशेतीच्या दिवसांत लेप्टो, आणि २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडीकडे जानेवारी ते मेच्या सुमारास माकडताप. तिन्हींत ताप आणि रक्तस्राव जोडीने येऊ शकतात. डेंग्यूत धोका ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत असतो. नेमके तेव्हाच आपण निर्धास्त होतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. दुकानात "लवकर उतरतो" म्हणून मिळणाऱ्या जोड-सिरपमध्ये आयबुप्रोफेन असतं, म्हणून बाटलीवरची नावं वाचून घ्यायची. फुरसं चावलेलं लहान पोर कधी नीट सांगतही नाही. बोट किंवा पाऊल सुजत वर चढतंय आणि हिरड्या पाझरतायत एवढंच दिसतं. बांधायचं नाही, चिरायचं नाही, फळीला धरून पाय स्थिर ठेवून दवाखाना गाठायचा. तिथे स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग एकदा तिरकी करून बघतात. गोठलं नसेल तर विष रक्तात उतरलंय. प्रतिविषाची मात्रा मुलाला मोठ्याइतकीच लागते, वजनावर कमी करायची नसते. आणि एक प्रश्न जो सहसा विचारला जात नाही : घरात उंदरांच्या औषधाच्या वड्या ठेवल्या आहेत का, आजोबांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या कुठे असतात? या दोन्हींचा परिणाम लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी डाग उठतात, तेव्हा वडी कुरतडल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. वॉर्फरिनच्या जातीच्या वड्या-गोळ्यांवर व्हिटॅमिन के हा नेमका उपाय आहे.

तपासण्या मोजक्याच आहेत : प्लेटलेटसह सीबीसी, काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं स्मिअर, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या पीटी आणि एपीटीटी. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख ठीक. यंत्राने वीस हजार दाखवल्या तर घाबरण्याआधी स्मिअर बघायला सांगा. नळीतल्या रसायनाने प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की यंत्र त्या मोजत नाही. खरी गोची एपीटीटीची. त्याची निळ्या टोपीची नळी रेघेपर्यंतच भरायची असते, कारण त्यात एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हे प्रमाण ठरलेलं आहे. कमी भरली तर निरोगी मुलाचाही अहवाल वाढलेला येतो. शिवाय ही तपासणी चार तासांच्या आत व्हायला लागते. दापोली-गुहागरहून संध्याकाळच्या गाडीने मुंबईला जाणारा नमुना रात्रभर डब्यात हिंदकळतो आणि येणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. अशा एका चुकीच्या आकड्यावर एखाद्या घराला "रक्ताचा आजार" चिकटतो, किंवा उलट, खरा हिमोफिलिया "लॅबची चूक असेल" म्हणून सुटतो. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात पीटी-एपीटीटी दिवसाच्या दिवशी व्हावी. ती होईपर्यंत नमुना पाठवू नये, मुलालाच पाठवावं : रत्नागिरी, ओरोस, सिंधुदुर्गाच्या दक्षिणेकडून गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय, आणि गुंतागुंत असेल तर परळच्या केईएमच्या आवारातली इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था. हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेला आहे, म्हणजे निदान झाल्यावर प्रमाणपत्रही मिळतं.

यावर येणारा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. आशाताईला त्याच वाडीत राहायचं असतं. तिने एका डागावरून तालुक्याला पाठवलं की "आमच्यावर संशय घेतला" म्हणून भावकी उठते, आणि पुढच्या घरभेटीला दार उघडत नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच निर्णय तिच्या समजुतीवर सोडू नये. नियम असा असावा की पाच महिन्यांखाली डाग दिसला की दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी द्यायचीच. सरपंचाचा नातू असो की मजुराचा. चिठ्ठीवर कारण "रक्त गोठण्याची तपासणी" एवढंच लिहिलेलं असावं. ते खोटं नाही, तपासणीची सुरुवात तिथूनच होते. सरसकट नियमाने कुणाचा अपमान होत नाही. निवडून पाठवण्याने होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांच्या कागदातही अंगावरच्या डागांची ओळ ठळक असावी. आणि रक्ताचे अहवाल ठीक आले म्हणून मारहाण सिद्ध होत नाही, तसं रक्तात दोष सापडला म्हणून ती बादही होत नाही. आजारी पोरालाही मारलं जातं.

संशय उरलाच तर मार्ग ठरलेले आहेत. १०९८ हा मुलांसाठीचा फोन, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने कळवणं बंधनकारकच आहे, डॉक्टरावर आणि शेजाऱ्यावरही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ताब्यातल्या मुलाला मारहाण करणं बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. गावात ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असतेच. ती शेवटची कधी बसली हे ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

नोंद मात्र नीट हवी. कागदावर अंगाची पुढची-मागची आकृती काढून डागाची जागा, सेंटिमीटरमध्ये आकार, तारीख-वेळ, आणि मूल बोलतं असेल तर त्याचेच शब्द, त्याच्याच बोलीत. "मारलेलं दिसतं" असं आपलं मत लिहायचं नाही. मुलाला तेच तेच चार जणांनी विचारायचं नाही. फोटो काढायचाच झाला तर दिवसाच्या उजेडात, एक दुरून आणि एक शेजारी पट्टी धरून जवळून, आणि तो फक्त डॉक्टरकडे किंवा समितीकडे द्यायचा. गावच्या व्हॉट्सॲप गटावर तो टाकला तर मुलाची ओळख उघड केल्याबद्दल बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम टाकणाऱ्यालाच लागतं.